उंदीर सहा पेनीला

नमस्कार मंडळी. मध्ययुगातली लढाई म्हटलं की आपल्याला आधी घोडे, चिलखतं, तलवारी आठवतात. मी आज उंदराच्या भावापासून सुरुवात करणारे.

साल 1418, फ्रान्समधलं रुआँ शहर. इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने जुलैच्या शेवटी वेढा घातला आणि आतलं धान्य संपत आलं तशी लोकं आधी घोडे, मग कुत्री, मांजरं, शेवटी उंदीर खायला लागली. जॉन पेज नावाचा एक इंग्रज या वेढ्यात होता, त्याने नंतर कविता लिहिली त्यात चक्क रेट दिलेत, छोटा उंदीर 6 पेनी, मोठा 30, मांजर 160. बाहेर बसलेल्या इंग्लिश तिरंदाजाचा रोज पण 6 पेनीच होता, म्हणजे दिवसभराच्या कमाईत एक उंदीर.

मग शहरवाल्यांनी काय केलं, तर खाणारी तोंडं कमी करायला म्हातारे, बायका, पोरं, गोरगरीब सगळ्यांना वेशीबाहेर काढलं. त्या काळच्या लेखकांनी आकडा बारा हजार दिलाय, मोजले कुणी देव जाणे. हेन्री त्यांना पुढे जाऊ देईना, शहर परत आत घेईना, त्यामुळे ही माणसं ऐन थंडीत तट आणि छावणीच्या मधल्या खंदकात अडकली. तिथे बाळंतपणंही झाली. जन्मलेलं पोर टोपलीत घालून दोरीने तटावर ओढून घ्यायचे, पाद्री बाप्तिस्मा द्यायचा आणि टोपली परत खाली. धर्म राखला, पोर नाही राखलं! पेजने तिथलं दोन-तीन वर्षांचं एक लेकरू लिहून ठेवलंय, आईबाप मेलेले आणि ते एकटं भाकरी मागत फिरतंय. तो असंही सांगतो की आमच्या शिपायांनी आपल्यातला पाव त्यांना दिला. राजाने मात्र नाताळचा एक दिवस जेवण दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 19 जानेवारी 1419 ला शहर पडलं.

आता म्हणाल, शिपाई तरी मजेत असतील. कसले मजेत! तीन वर्षं आधी, 1415 मध्ये याच हेन्रीने फ्रान्समधल्या हार्फ्लर बंदराला वेढा घातला होता, ऑगस्ट-सप्टेंबरचा उकाडा, दलदल, घाण पाणी, आणि छावणीत रक्ती आव पसरली. सफोकचा अर्ल, म्हणजे बडा सरदार, गेला, नॉरिचचा बिशप गेला, साध्या शिपायांची तर नावंही कुणी लिहिली नाहीत, आणि आजाऱ्यांना जहाजात घालून मायदेशी पाठवलं.

जखम झाली तर उपचार व्हायचे, पण कुणावर? 1403 मध्ये श्रूसबरीच्या लढाईत हेन्री अवघा सोळा वर्षांचा राजपुत्र होता, बाण तोंडात घुसला, काडी निघाली पण लोखंडी टोक सहा इंच आत राहिलं. जॉन ब्रॅडमोर या सर्जनने मध लावलेल्या काड्यांनी जखम हळूहळू रुंद केली, स्क्रूवाला चिमटा खास बनवून घेतला, टोक ओढून काढलं, वाइनने धुतलं आणि पुढे वीसेक दिवस रोज जखम साफ केली. पोरगा वाचला. सहा पेनीवाल्या तिरंदाजासाठी असा चिमटा कोण बनवणार होतं?

तोच हेन्री 1422 च्या ऑगस्टमध्ये, दुसऱ्या एका फ्रेंच शहराचा वेढा उरकून, पॅरिसजवळ व्हँसेनला मेला, वय 35. बाण नाही, तलवार नाही. बहुतेक तीच रक्ती आव.