जमिनीवरचा आरसा

(रायबंदर, गोवा. पहाटेचे साडेचार. ओसरीवर एकच दिवा.)

पायरीवर बसलेल्या या बाई पाय घालण्याआधी दोन्ही बूट उलटे करून पायरीच्या कडेवर आपटतात, आणि आज उजव्या बुटातून हरभऱ्याएवढा एक खडा पडला आहे. गेली २१ वर्षे त्या परिचारिका आहेत, आणि त्यांतली बरीचशी वर्षे मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमा धुण्यात आणि बांधण्यात गेली आहेत. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होत जातात. बुटातला खडा दिवसभर टोचत राहिला तरी माणसाला त्याचा पत्ता लागत नाही, आणि संध्याकाळी मोजा पायाला चिकटून बसतो तेव्हा कुठे घरच्यांच्या ध्यानात येते. “खडा टोचतो आहे हे आपल्याला कळते, हेच केवढे मोठे सुख आहे,” असे त्या आम्हाला चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले. ते होते २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून थोडे अधिक. वॉर्डात काम करणाऱ्यांना हा आकडा नवा वाटला नाही. मात्र दोन वर्षांपूर्वी या बाईंचा स्वतःचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल ६.१ टक्के आला, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा, आणि त्या संध्याकाळी ड्युटी संपल्यावर त्या बसमध्ये न चढता पणजीतल्या पाटोपासून रायबंदरपर्यंत चालत घरी आल्या.

(कॉजवे, म्हणजे पाण्यातून बांधून काढलेला रस्ता. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे.)

तो रस्ता हाच. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला हा कॉजवे सुमारे ३ किलोमीटर लांब आहे, आणि जवळजवळ सरळ व सपाट असल्यामुळे नवख्या धावकाला याहून प्रेमळ रस्ता पणजीच्या आसपास मिळणे कठीण. येथेच त्यांनी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असा आरंभ केला. वर्षभरात त्या २१ किलोमीटरपर्यंत पोहोचल्या, आणि मग त्यांनी मुंबईतील जानेवारीच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी, ४२.१९५ किलोमीटरसाठी, नाव नोंदवले.

आता कान देऊन ऐकावे. त्या सतराचा पाढा म्हणत आहेत. सतरा सक बेदोन, सतरा साते एकोणीसासे. पाढा न अडखळता तोंडातून निघाला तर वेग योग्य आहे, आणि धाप लागून मध्येच तुटला तर वेग कमी करायचा, एवढेच त्यांचे घड्याळ. शर्यतीची तयारी म्हणजे रोज जीव तोडून पळणे, असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे, आणि त्या समजापायी कितीतरी उत्साही माणसे महिन्याभरात गुडघे धरून घरी बसतात. प्रत्यक्षात तयारीचा बहुतेक भाग असा, पाढे म्हणता येतील इतक्या सावकाश धावण्याचाच असतो. त्यानेच हृदयाची क्षमता वाढते आणि स्नायूबंधांना हळूहळू भार पेलण्याची सवय होते. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो, हे या बाईंना कोणी वेगळे शिकवावे लागले नाही.

आठवड्यातून चार दिवस धावणे, त्यांतला रविवार लांब अंतराचा. तीन आठवडे अंतर थोडे थोडे वाढवायचे आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचे, कारण शरीर बळकट होते ते विश्रांतीत. रात्रपाळी असली की त्या दिवशीचे धावणे रद्द, आणि याबाबत त्यांनी स्वतःला एकदाही सवलत दिली नाही.

(चेहरा, अगदी जवळून.)

ऑक्टोबरमधील ही सकाळ. कानशिलावर दिसणारे पांढरे ओघळ मिठाचे आहेत. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सहजी वाळत नाही, नुसता निथळतो. तो वाळला नाही की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि कालच्याच वेगाला आज छाती जास्त धडधडते. म्हणून पाऊण-पाऊण तासाला दोन खजूर आणि मीठ घातलेल्या कोकम सरबताचे चार घोट, तहान लागो वा न लागो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण ३० किलोमीटरच्या आसपास आटू लागते, आणि पुढची वाट अंगात काही उरलेले नसताना चालायची असते. तिची ओळख आधीच व्हावी म्हणून डिसेंबरच्या एका रविवारी त्यांनी रायबंदर ते दोनापावला आणि परत, व त्याला जोडून रायबंदर ते जुने गोवे आणि परत अशी फेरी घेतली. ३२ किलोमीटर झाले. मिरामारला नारळवाल्याने त्यांना ओळखून हात केला. जुन्या गोव्याकडून परतताना मात्र त्या कोणाकडेच पाहत नव्हत्या.

मुंबईतल्या पेडर रोडचा चढ शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात येतो, आणि कॉजवेवर चढ नाही. त्यासाठी दर बुधवारी आल्तिनो, पणजीतली टेकडी.

(घर. फरशीवर हात-आरसा.)

हे दृश्य आम्ही ठरवून घेतले नव्हते. घरी आल्यावर त्या फरशीवर आरसा ठेवतात आणि एकेक पाऊल त्यावर धरून तळवा, टाच आणि बोटांमधल्या बेचक्या पाहतात. वाकता न येणाऱ्या रुग्णांनी रोज आपले पाय असेच तपासावेत, असे त्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. अंगठ्याचे नख काळे पडले आहे, करंगळीखाली फोड आहे. कापूस, जंतुनाशक, पट्टी. वॉर्डात चालतात त्याच शांतपणे हे हात येथे चालतात. शर्यतीआधीचे तीन आठवडे अंतर उतरवण्याचे होते, आणि त्या काळात धावणे कमी झाले तरी आरसा रोज बाहेर निघत असे.

मुंबईत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी त्या पहाटे निघाल्या, पेडर रोड चालत चढल्या आणि ५ तास ४८ मिनिटांत शर्यत पूर्ण केली. साखरेचा ताजा अहवाल ५.६ टक्के आहे, उंबरठ्याच्या अलीकडचा.

(वॉर्ड. रुग्णांचे चेहरे चौकटीबाहेर.)

मंगळवारी त्या ड्युटीवर हजर झाल्या. कोपऱ्यातल्या खाटेवरील आजींची पट्टी बदलून झाली, आरसा पुसून झाला, आणि तो पिशवीत जाण्याआधी आजींनी त्यावर हात ठेवला. “बाय, आता तुझे पाय दाखव बघू,” असे त्या म्हणाल्या. सिस्टरांनी बूट काढला, मोजा काढला आणि काळ्या नखाचे पाऊल आरशावर धरले. आजी चष्मा पुसून खाली वाकल्या आहेत.