माकडं पाच की पन्नास?

(दृश्य : नाणेघाट. खालून ढग चढतायत. कॅमेरा हळूहळू गुहेच्या तोंडाशी येतो.)

नाणेघाटात वाऱ्याला दुसरा कामधंदा नाही. कोकणातून उठतो आणि या खिंडीतून सरळ जुन्नरच्या अंगाला घुसतो. गुहेत शिरलं की आवाज जरा बसतो. ट्रेकला आलेली पोरं इथे पथाऱ्या टाकतात, चहा करतात, भिंतीला पाठ टेकून गप्पा मारतात. ज्या भिंतीला पाठ टेकलीय, तिच्यावर एका राणीचा हिशेब कोरलेला आहे.

राणी सातवाहनांची, नागनिका. लेख साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. कोणकोणते यज्ञ झाले आणि प्रत्येकाला दक्षिणा काय दिली, याची ही यादी. गायी, घोडे, हत्ती, वस्त्रं आणि कार्षापण नावाची नाणी. एका यज्ञाला ११०१ गायी. हा वरचा एक पाहिला की लग्नाच्या आहेराचं पाकीट आठवतं. रीत तीच का, हे भिंत सांगत नाही.

(दृश्य : अक्षरांवरून तिरपा प्रकाश. एका ओळीवर कॅमेरा थांबतो.)

आता हे जवळून बघा. एका ठिकाणी दक्षिणा आहे २४,४०० कार्षापण. आपण ती पाच अंकांत लिहितो. नाणेघाटच्या कोरक्याने ती तीन खुणांत लिहिली. हजाराची एक खूण असते, तिला विसाची खूण जोडली की वीस हजार. त्याच हजाराला चाराची जोडली की चार हजार. मग शंभराच्या खुणेला चार जोडला की चारशे. वीस हजार, चार हजार, चारशे. आपण तोंडाने बोलतो तसंच. दहाला वेगळी खूण, विसाला वेगळी, ऐंशीला आणखी वेगळी. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन.

शून्य कुठेच नाही. लागतच नव्हतं. शून्य लागतं ते रिकामी जागा धरून ठेवायला, आणि इथे अंकाच्या जागेला किंमतच नाही.

जागेला किंमत आली ती पुढे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुजाचं एक छोटं, खडकात कोरलेलं देऊळ लागतं. तिथला लेख इ.स. ८७६चा. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब, १८७ हात रुंद. आणि रोज ५० माळा. त्या २७० मधलं आणि ५० मधलं बारकं वाटोळं शून्य आजही दिसतं. ते शून्य आपल्याला पुन्हा लागणार आहे, पण शेवटी.

(दृश्य : पुण्यातली एक जुनी वाड्याची दिंडी. पत्रपेटी. पाकिटावर पत्ता.)

हे पाकीट आलंय सदाशिव पेठेत. खाली लिहिलंय ४११०३०. पहिला चार म्हणजे देशाचा पश्चिमेकडचा टपाल विभाग, त्यात महाराष्ट्र आला, गोवा आला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही आलं. पहिले तीन आकडे मिळून पत्रांची वर्गवारी होते तो जिल्हा, उरलेले तीन म्हणजे पोस्ट ऑफिस. ही व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले अधिकारी, आणि संस्कृतचे कवी.

आता पणजीचा ४०३००१ घ्या आणि त्यात सदाशिव पेठ मिळवा. बेरीज होते की. ८१४०३१. पण ती कशाची? दोन गावांच्या सरासरीला उतरायला कुठलं स्टेशन नाही. सदाशिव पेठेचा आकडा पणजीपेक्षा मोठा आहे, यावरही काही सिद्ध होत नाही. पेठेतल्या मंडळींचं मत वेगळं असू शकतं.

शाळेत आपण संख्याविशेषणं शिकलो. पाच माकडं, हे गणनावाचक. पाचवं माकड, क्रमवाचक. पाचपट, आवृत्तिवाचक. पाच-पाचच्या टोळ्या, पृथक्त्ववाचक. आणि ‘असले छप्पन पाहिलेत’ म्हणताना छप्पन जण कोणी मोजलेले नसतात, ते अनिश्चित. व्याकरणाच्या मास्तरांनी संख्येची कामं गणिताच्या मास्तरांपेक्षा नीट वेगळी करून ठेवली होती, असं माझं प्रामाणिक मत आहे. पिनकोड मात्र यातल्या एकाही खणात बसत नाही. तो नुसता बिल्ला. हमालाच्या दंडावर असतो तसा.

आणखी एक काम व्याकरणातही नाही. ‘त्या दोघांचा छत्तीसचा आकडा आहे.’ यात मोजणी नाही, क्रम नाही, काहीच नाही. देवनागरीत ३ आणि ६ शेजारी लिहून बघा. दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवलीय. इथे संख्येचं नुसतं चित्र वापरलंय.

(दृश्य : मंडई. इलेक्ट्रॉनिक काटा. आकडा हलतोय, ०.२५५वर थांबतो.)

मंडईत मोजणी थांबते आणि मापणी सुरू होते. वांगी मोजता येतात, पण विकली जातात वजनावर. आणि वजन कधी सरळ आकड्यावर थांबत नाही. काटा म्हणतो शून्य पूर्णांक दोन पाच पाच. मावशी म्हणतात, “पावशेरच धर, वरचं राहू दे.” शेर जाऊन पिढ्या उलटल्या. पावशेर गेला नाही.

अपूर्णांकांच्या बाबतीत मराठी माणूस श्रीमंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. एवढ्या सगळ्यांना आपापली नावं. त्यानंतर साडे सुरू होतं, तेही तीनपासून. साडेएक आणि साडेदोन असं कोणी म्हणत नाही. घरातलं लहान मूल म्हणतं एकदा, सगळे हसतात, मग तेही शिकतं. आणि या शब्दांची करामत अशी की ते पुढच्या शब्दाकडे बघून किंमत बदलतात. पाऊण म्हणजे पाऊणच, पण पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर, आणि पावणेदोनशे म्हणजे एकशे पंचाहत्तर.

माझे आजोबा दुकानात बसायचे. सतरा रुपये किलो, सव्वा किलो दे, असं कोणी म्हटलं की पुडी बांधता बांधता त्यांच्या तोंडून यायचं, “सतरा सव्वा सव्वाएकवीस.” कागद नाही, पेन नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, इतकंच काय, साडेतीनचा पाढा, औटकी, हे सगळं पाठ. मला निमकीच्या पुढे काही आलं नाही.

साडेतीनवर आपला जीव जरा जास्तच आहे. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं. आणि पेशवाईतले साडेतीन शहाणे. सखाराम बापू, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना फडणीस अर्धे, कारण तलवार त्यांना चालवता येत नव्हती. माणसं मोजताना अर्धा माणूस येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण इथे माणसं मोजलीच नव्हती. शहाणपण मापलं होतं.

(दृश्य : चाळीसगावजवळ पाटणादेवीचं जंगल. झाडावर वानरं.)

चाळीसगावपासून जवळ, पाटणादेवीच्या रानात, भास्कराचार्यांच्या नातवाने मठ काढला होता. चांगदेव त्याचं नाव. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. शके ११२८चा शिलालेख त्याची साक्ष देतो. शेवटचा मजकूर त्यात चक्क मराठीत आहे.

आजोबांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला तो ११५०मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी. त्यातल्या बीजगणितात एक उदाहरण आहे, माकडांचं. कळपाचा पाचवा हिस्सा घ्या. त्यातून तीन वजा करा. जे उरेल त्याचा वर्ग करा. तितकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर चढून बसलंय, ते दिसतंय. तर कळप केवढा?

समीकरण मांडलं की दोन उत्तरं येतात. पहिलं पन्नास. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा, तीन गेले सात, साताचा वर्ग एकोणपन्नास. एकोणपन्नास गुहेत, एक फांदीवर. जमलं.

दुसरं उत्तर पाच. पाचाचा पाचवा हिस्सा एक. एकातून तीन गेले, वजा दोन. वजा दोनाचा वर्ग चार. चार गुहेत, एक फांदीवर. एकूण पाच. हेही जमलं! आकड्यांची काहीच तक्रार नाही.

(दृश्य : फांदीवरचं एक वानर. बराच वेळ.)

भास्कराचार्य म्हणतात, दुसरं उत्तर घेऊ नका. कारण काय देतात? चुकलं म्हणून नाही. उघडउघड ऋण असलेल्या संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून. मला यातला ‘लोक’ फार आवडतो. ऋण संख्या त्यांना कळत नव्हती असं नाही. त्यांच्या पाचशे वर्षं आधी, ६२८मध्ये, ब्रह्मगुप्ताने धनाचे आणि ऋणाचे नियम लिहून ठेवले होते. भास्कराचार्यांच्या याच ग्रंथाची सुरुवात धन-ऋणाच्या बेरीज-वजाबाकीने होते. ऋण म्हणजे कर्ज, आणि कर्ज तर लोकांना चांगलंच कळतं. पासबुकात वजा दोन हजार चालतात. मॉलच्या लिफ्टमध्ये वजा दोन मजला असतो, गाडी तिथेच लावावी लागते. द्रास-कारगिलच्या थंडीत वजा दोन म्हणजे बरा दिवस. फक्त कळपात वजा दोन माकडं नसतात.

म्हणजे वजा दोन ही संख्या खरी की खोटी, हा प्रश्नच निघत नाही. तिला कुठल्या कामाला लावलंय, ते बघायचं. मोजणीला ती नापास, मापणीला पास. समीकरणाला हे ठाऊक नसतं. ते दोन्ही उत्तरं हातावर ठेवून मोकळं होतं. निवडायचं माणसाने, फांदीकडे बघून.

(दृश्य : बँकेचा काउंटर. एकजण आकडे सांगतोय, दुसरा टाइप करतोय.)

“पुढे त्रेचाळीस.” आणि बोटं टाइप करतात ३४. आपण लिहितो डावीकडून, चाळीस आधी आणि तीन नंतर. बोलतो उलटं, त्रे आधी, चाळीस नंतर. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ही दिलं गेलं, तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्षा होत्या मंगला नारळीकर. विनोद झाले, भांडणं झाली, विधानसभेपर्यंत गेलं. पण मुलांची अडचण खोटी नव्हती. डच मुलांचीही हीच अडचण असते, त्यांच्या भाषेतही तीन आधी आणि चाळीस नंतर. आणि लोक आकडे लिहिताना कुठे कुठे चुकतात, याचा अभ्यास करून १९६९मध्ये ज्याने एक भक्कम तपासणीची रीत काढली, तो याकोबुस वेरहूफ डचच होता.

तुमच्या आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा त्याच रीतीने येतो. तो तुमच्याबद्दल काहीही सांगत नाही. आधीच्या अकरांवर पहारा करतो. एक आकडा चुकला, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल झाली, की हिशेब जुळत नाही आणि यंत्र अडवतं. बिल्ल्याची बेरीज करण्यात अर्थ नाही म्हणालो होतो. तो शब्द थोडा मागे घ्यावा लागतोय.

(दृश्य : देवळाली. रेल्वे फाटक. शाळेचं मैदान.)

पुरता मागे घ्यावा लागतो तो देवळालीत. इथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळेत शिकवायचे. जन्म डहाणूचा, १९०५चा. अंकांशी खेळण्याचा नाद. रेल्वेच्या प्रवासात डोंबिवलीला काही संख्या सुचल्या, तर त्यांना नाव दिलं डेम्लो, स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून. स्टेशनचं नाव बदललं, गणितात ते तसंच राहिलं.

१९४९मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक गंमत मांडली. कुठलेही चार आकडे घ्या, फक्त चारही सारखे नकोत. मोठ्यापासून लहानाकडे लावा, मग लहानापासून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. फार तर सात वेळा.

नागनिकेच्या कोरक्याला हा खेळ सुचला नसता. चारशेची खूण उचलून वीस हजाराच्या आधी ठेवली तरी रक्कम तीच राहते. आकडे इकडचे तिकडे केल्यावर किंमत बदलायला जागेला किंमत हवी, आणि ग्वाल्हेरच्या देवळातलं ते वाटोळं शून्य हवं.

(दृश्य : तेच पाकीट. खडूने काळ्या फळ्यावर आकडे उमटतात.)

सदाशिव पेठेच्या पिनकोडातले शेवटचे चार आकडे. १०३०.

३१०० वजा ००१३. ३०८७.

८७३० वजा ०३७८. ८३५२.

८५३२ वजा २३५८. ६१७४.

आणखी एकदा. ७६४१ वजा १४६७.

६१७४.

(दृश्य : फळ्यावर आकडा तसाच. खडू खाली ठेवल्याचा आवाज.)