क्रमवारीत १६०वी

नमस्कार श्रोतेहो.

टेनिस म्हटलं की विम्बल्डनचं हिरवंगार कोर्ट आठवतं. आज मात्र माझ्याबरोबर पुण्यातल्या डेक्कन जिमखान्यावर चला. डिसेंबरची सकाळ होती. महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती, तिकीट नव्हतं, तरी बघायला आम्ही जेमतेम चाळीस माणसं. एक परदेशी मुलगी पहिल्याच फेरीत तीन सेट झुंजून हरली. अर्ध्या तासानं पाहिलं तर तिनं स्वतःच धुतलेला टी-शर्ट खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला होता, आणि मांडीवर फोन घेऊन ती विमानाचं तिकीट बदलून घेत होती. सोबत ना कोच, ना फिजिओ. पुढची स्पर्धा दुसऱ्या देशात, सोमवारी.

हे आयुष्य पुण्याला परकं नाही. अंकिता रैना मूळची अहमदाबादची. २००७ साली, चौदाव्या वर्षी, ती पुण्यात आली आणि हेमंत बेंद्रे सरांकडे घडली. मार्च २०२० मध्ये ती एकेरीच्या जागतिक क्रमवारीत १६०वी होती. तिथवरच तिची मजल. ‘१६०वी’ ऐकलं की लोक म्हणतात, म्हणजे फार काही नाही. मला हे ऐकून मनापासून वाईट वाटतं. जगभरात इतक्या मुली रॅकेट हातात धरतात, आणि त्यांतल्या फक्त १५९ तिच्या पुढे!

पण टेनिसमध्ये पैसा असतो तो वरच्या शंभरांत. ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा. त्यांच्या मुख्य फेरीत १२८ जणी खेळतात. त्यांतल्या साधारण १०४ जणींना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मुख्य फेरीत नुसतं उतरून पहिला सामना हरलं, तरी १,३२,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळत होते. आणि तळाची स्पर्धा असते पंधरा हजार डॉलरची. हा आकडा सगळ्या खेळाडूंना मिळून वाटायच्या बक्षिसांचा. तिथं पहिल्या फेरीत हरलेलीच्या हातात दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, त्यातूनही कर कापला जातो. जिंकलीच स्पर्धा, तर क्रमवारीचे १५ गुण. ग्रँड स्लॅम जिंकणारीला २,०००. आणि हे गुणही बावन्न आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी जिंकलेलं यंदा गळून पडतं, म्हणून दुखरा खांदा घेऊनही मुली खेळत राहतात.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं २०१३ सालचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की प्रवास, राहणं, जेवण एवढा खर्च बक्षिसांतून भागायला महिला खेळाडूला साधारण पहिल्या अडीचशेत असावं लागतं. कोचचा पगार त्यात धरलेलाच नव्हता. म्हणजे अंकिता जेव्हा अडीचशेच्या आसपास होती, तेव्हा ती नेमकी त्या काठावर उभी होती. आणि त्याच काठावरून, फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्लीत देशासाठी खेळताना तिनं युलिया पुतिनसेवाला हरवलं. पुतिनसेवा तेव्हा पहिल्या शंभरांत होती. त्याच ऑगस्टमध्ये पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य. भारतीय महिलांमध्ये त्याआधी एकेरीचं पदक फक्त सानिया मिर्झाकडे होतं.

ग्रँड स्लॅमची पात्रता फेरी तिनं किती वेळा खेळली! तीन सामने जिंकायचे की दार उघडतं. जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी दुबईत झाली. अंकितानं दोन सामने जिंकले. तिसऱ्यात ओल्गा डॅनिलोविचशी तिसऱ्या सेटपर्यंत गेली, आणि तो सेट १-६ गेला. कुणी माघार घेतली तर जागा मिळेल, या आशेवर ती तरीही मेलबर्नला गेली. एकेरीची जागा आलीच नाही. दुहेरीत मिहाएला बुझार्नेस्कूबरोबर मुख्य फेरीत खेळायला मिळालं, तिथं पहिल्याच सामन्यात हार. ती लगेच परत फिरली नाही. त्याच फेब्रुवारीत, त्याच शहरात, फिलिप आयलंड ट्रॉफीत कामिला राखिमोव्हाबरोबर ती दुहेरीत उतरली. अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गेला, मग ६-४, आणि तिसऱ्या सेटऐवजी खेळल्या जाणाऱ्या दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये १०-७. डब्ल्यूटीए, म्हणजे महिला टेनिसच्या मुख्य जागतिक दौऱ्यातलं, तिचं पहिलं विजेतेपद. दुहेरीत ती पहिल्या शंभरांत पोचली. त्या उन्हाळ्यात टोकियोत सानियाबरोबर ऑलिम्पिकचा सामना ६-०, ५-३ अशा आघाडीवरून निसटला, तो अजून माझ्या मनातून जात नाही.

आपल्या श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेचंही नाव घ्यायलाच हवं. एकेरीत ती पहिल्या दोनशेत कधी आली नाही. वर्षानुवर्षं ती याच छोट्या स्पर्धांमधून हिंडली. ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचा अंतिम सामना. तिथंही पहिला सेट २-६. दुसरा ६-३, आणि निर्णायक टायब्रेक १०-४. सुवर्णपदक. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तिचा फोटो होता.

डेक्कनवर पुन्हा स्पर्धा लागेल, तेव्हा अंतिम सामन्याची वाट बघू नका. मंगळवारी या, सकाळी, पहिल्या फेरीला. तीन नंबरच्या कोर्टवर सावली असते आणि बसायला जागा हमखास मिळते.

नमस्कार.