फर्स्ट पीस : सिन्नरमधला एक कॅफे

(दृश्य : छोट्या डिजिटल काट्यावर पोर्टाफिल्टर, म्हणजे दळलेली कॉफी भरून मशीनला अडकवायचं दांडीचं भांडं. आकडा १८.० वर थांबतो.)

दळलेली कॉफी १८ ग्रॅम. कपात उतरणारा अर्क ३६ ग्रॅम. वेळ २५ ते ३० सेकंद. सकाळी हे तीन आकडे जुळत नाहीत तोवर इथे एकही कप विकला जात नाही. पहिला शॉट, म्हणजे एका वेळी उतरलेला हा अर्क, चाखायचा, वहीत लिहायचा आणि सिंकमध्ये ओतून द्यायचा.

नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट सुरू झाली की मशीनवरचा पहिला जॉब, म्हणजे पहिला तयार भाग, काढून मोजतात. तो पास झाला तरच पुढचा माल चालू. त्याला फर्स्ट पीस म्हणतात. या कॅफेतही सकाळच्या पहिल्या शॉटला फर्स्ट पीसच म्हणतात, कारण काउंटरमागचे मालक वर्षानुवर्षं तेच करत आले. मोजायचा व्हर्नियर, माप बसतं की नाही ते सांगणारा गो-नो गो गेज, रिजेक्शनचा लाल डबा. क्वालिटी विभागातली नोकरी सोडून त्यांनी आपल्याच गावात कॅफे टाकला.

(दृश्य : गोंदेश्वराचं शिखर, बसस्थानक, मुसळगावकडे निघालेल्या कंपन्यांच्या बस.)

सिन्नर. नाशिकहून पुण्याच्या रस्त्याने साधारण तीस किलोमीटर. यादवकाळातलं गोंदेश्वराचं मंदिर, विड्यांचा जुना धंदा, मग मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एमआयडीसी. शिर्डीचा रस्ताही इथूनच फुटतो. त्यामुळे जो तो सल्ला देतो : हायवेला टाका, गाड्या थांबतील.

कॅफे हायवेला नाही. हायवेचं गिऱ्हाईक एकदा येतं आणि परत दिसत नाही. शिवाय रस्तेही बदलतात. समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर टप्पा २०२३ च्या मे महिन्यात सुरू झाला, पुढच्या वर्षी तो इगतपुरीपर्यंत आला, आणि मुंबईहून शिर्डीला निघालेल्या गाडीला सिन्नरमध्ये शिरायचं कारण उरलं नाही. म्हणून जागा घेतली ती गावात, शाळा सुटल्यावर आया जिथून पायी जातात त्या रस्त्यावर.

(दृश्य : कॅफेची काचेची दर्शनी बाजू, बाहेरून आत.)

ही काच बघा. वरपासून खालपर्यंत पारदर्शक, मध्ये ना स्टिकर, ना पडदा. आत एकही पार्टिशन नाही. तालुक्याच्या गावात 'कॅफे' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पडदे लावलेल्या केबिन येतात, आणि त्यांवर पडलेल्या पोलिसांच्या धाडी. ती बदनामी धुऊन काढायला पाटीवर 'फॅमिली' लिहून भागत नाही. रस्त्यावरून प्रत्येक टेबल दिसलं पाहिजे. जागा बघायला जाणाऱ्याने आधी हेच बघावं. भाडं, पार्किंग सगळं नंतर.

जागेचा करारही नीट वाचण्यासारखा असतो. लिव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचं करायची सवय सगळीकडे आहे. पण प्लंबिंग, वायरिंग, काउंटर यांत पैसा ओतल्यावर बाराव्या महिन्यात मालक भाडं वाढवायला बसला, तर तुमच्या हातात काहीच नसतं. इथे पाच वर्षांचा करार आहे, लॉक-इन दोन्ही बाजूंनी (ठरलेल्या मुदतीआधी कुणालाच करार मोडता येत नाही), दरवर्षीची भाडेवाढ आधीच लिहिलेली, आणि रीतसर नोंदणी. महाराष्ट्रात नोंदणी ११ महिन्यांच्या कराराचीही करावीच लागते.

(दृश्य : यू-ट्यूबवरचा व्हिडिओ थांबवून वहीत टिपणं. स्टीलच्या जगमध्ये पाणी, वर पांढरा फेस.)

शिकण्याबद्दल. कॉफी बोर्डाचे प्रशिक्षणवर्ग बंगळुरूला चालतात, ज्यांना जमतं त्यांनी तिथे जरूर जावं. दूध वाफवण्याचा हात मात्र घरीच बसवावा लागतो, आणि त्यासाठी लिटर-लिटर दूध नासवायची गरज नाही. जगमध्ये गार पाणी घ्यायचं, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा. फेस दुधासारखाच चढतो. स्टीमच्या नळीचं टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली धरलं की चिर्र-चिर्र असा आवाज येतो, म्हणजे हवा आत जातेय. तीन-चार सेकंदांत टोक थोडं खोल न्यायचं आणि जग तिरपा धरायचा, म्हणजे भोवरा फिरतो आणि मोठे बुडबुडे मोडतात. आवाज किंचाळण्यासारखा येत असेल तर नळी फार खोल आहे. पाणी उडत असेल तर फार वर.

खऱ्या दुधाला एक अट जास्त असते, तापमानाची. फ्रिजमधलं चार-पाच अंशांचं दूध ६० ते ६५ अंशांवर थांबवायचं. सत्तरच्या पुढे गोडवा जातो, तापवलेल्या दुधाचा वास येतो, आणि एकदा वाफवलेलं दूध दुसऱ्यांदा नीट फेस धरत नाही. म्हणून जगमध्ये उरलेलं दूध पुन्हा वापरायचं नाही. जग लहान घ्यायचा, उरणारच नाही.

(दृश्य : मशीनचं पॅनेल उघडलेलं. आत तांब्याचा बॉयलर.)

आता मशीन. एका ग्रुपचं (ग्रुप म्हणजे पोर्टाफिल्टर अडकवायचं तोंड), सेकंड हँड. पैसे वाचवले ते इथे, आणि वाचलेले घातले ग्राइंडरमध्ये, म्हणजे बी दळायच्या यंत्रात. हा हिशोब उलटा करणारे पुष्कळ. चकचकीत मशीन गिऱ्हाइकाला दिसतं, ग्राइंडर कोपऱ्यात असतो. पण दळण एकसारखं नसेल तर लाखांचं मशीनही आंबट-कडूच देणार : जाड कणांतून अर्क कमी उतरतो, भुकटीतून नको तेवढा, आणि दोन्ही चवी एकाच कपात येतात.

जुनं मशीन घेताना काय पाहिलं? ते गरम करून मागितलं, थंड मशीनचा सौदा करायचा नाही. पाणी सोडल्यावर पंपाचा काटा ९ बारला उभा राहतो का, बॉयलरचा काटा १ ते १.२ बारच्या आसपास टिकतो का. पोर्टाफिल्टर अडकवल्यावर कडेने पाणी झिरपत असेल तर ग्रुपचं गॅस्केट, म्हणजे रबरी कडं, कडक झालंय. रबर स्वस्त असतं, पण त्या मापाचं मुंबई-पुण्यात मिळतं का, हे सौद्याआधी फोन करून विचारलं. नाही मिळालं तर मशीन फुकटातही महाग. आणि पॅनेल उघडून जोडांवर पांढरी पापुद्री शोधली. पापुद्री म्हणजे क्षार, आणि क्षार म्हणजे आधीच्या मालकाने पाण्याकडे पाहिलंच नव्हतं.

(दृश्य : पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर, दोन ग्लास पाणी शेजारी-शेजारी.)

पाण्यावर जरा थांबू, कारण कॅफे बंद पडायची वेळ आली ती पाण्यानेच. डावीकडच्या ग्लासात बोअरचं पाणी. मीटर सहाशेच्या पुढे. हे थेट मशीनला दिलं तर काही महिन्यांत हीटरवर क्षारांचा थर बसतो. हीटरची उष्णता पाण्यात जात नाही, आवरण तापून तडकतं, आणि वीज बॉयलरच्या धातूत उतरते. बाहेरून दिसतं एवढंच, की ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारी डबी, सारखा पडतोय. इलेक्ट्रिशियन येतो, ईएलसीबी बदलतो. तो पुन्हा पडतो. दोष त्या डबीत नसतोच. हीटरच्या वायरी सोडवून मशीन चालू करायचं. ईएलसीबी टिकला तर हीटर गेला, एवढं साधं आहे. आणि ईएलसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकायचा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसाला पुन्हा दुकानात बोलवू नये.

मग आरओ बसवला. उजवीकडचा ग्लास : मीटर पंधरावर. आणि मशीनने नवाच खेळ सुरू केला, स्टीमच्या नळीतून वाफेऐवजी पाणी. कारण ऐकण्यासारखं आहे. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते एका प्रोबला, म्हणजे आत सोडलेल्या धातूच्या सळईला, कळतं, आणि तो चालतो पाण्यातून जाणाऱ्या अगदी क्षीण विजेवर. पाण्यात क्षारच नसले तर वीज वाहत नाही. मशीन समजतं, बॉयलर रिकामा आहे. ते भरत राहतं. शिवाय अशा पाण्यात कॉफीला चवही येत नाही, सपक लागते.

उपाय दोन्हींच्या मधला. घरगुती आरओत असतो तसा टीडीएस कंट्रोलर थोडा उघडून आरओच्या पाण्यात मूळ पाणी मिसळायचं. मीटर १०० ते १५० च्या दरम्यान आणून ठेवायचा. पावसाळ्यात बोअरचं पाणी बदलतं, उन्हाळ्यात पुन्हा बदलतं, म्हणून दर सोमवारी मोजणी. वहीतला हा रकाना आजपर्यंत रिकामा राहिलेला नाही.

(दृश्य : वहीची पानं. तारीख, दळण, वजन, सेकंद, चव. मालकांचा बाइट, काउंटरजवळ.)

ही वही म्हणजे कारखान्यातला इन्स्पेक्शन रिपोर्टच. जुनी नोकरी सोडून नवं काही करणाऱ्याला सगळे सांगतात, पाटी कोरी करा. इथे पाटी पुसलीच नाही. जागा नीटनेटकी ठेवायची फाइव्ह-एस पद्धत, वजनकाट्याचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी), बिघाडाआधीच करायच्या प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचा तक्ता, सगळं तसंच उचलून काउंटरमागे आणलं. रात्री बंद करताना आंधळी, म्हणजे भोकं नसलेली, बास्केट लावून ग्रुप उलटा धुवायचा : दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, पाच वेळा धुण्याची पावडर घालून, पाच वेळा नुसत्या पाण्याने. आठवड्यातून एकदा ग्रुपची जाळी स्क्रू काढून पावडरच्या पाण्यात बुडवायची. जाळीमागे साचलेलं तेल खवट झालं की महागातली महाग बी सुद्धा जळकट लागते, आणि दोष बी भाजणाऱ्या रोस्टरला दिला जातो.

वहीचा खरा उपयोग पावसाळ्यात. हवा दमट झाली की दळण गोळे धरतं, कालच्याच सेटिंगवर शॉटचा वेळ सरकतो. सेकंद कमी भरले तर दळण बारीक करायचं, जास्त भरले तर जाड, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वजन आणि दळण एकदमच बदललं तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. क्वालिटीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. कॅफे काढणाऱ्या इतरांना सांगावं लागतं.

(दृश्य : वीज गेलेली. काउंटरवर पितळी फिल्टर.)

मशीन २.८ किलोवॅटचं, म्हणजे साधारण १२ अँपिअर. त्याच १६ अँपिअरच्या लाइनवर सँडविच ग्रिलर लावला की एमसीबी, म्हणजे जादा भाराला लाइन तोडणारा स्विच, पडणार, म्हणून दोन लाइन वेगळ्या. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि बिलाचा टॅब एवढंच. वीज गेल्यावर काय? सकाळीच दाक्षिणात्य फिल्टरमध्ये डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, पाडून ठेवलेलं असतं आणि गॅसवर दूध. बंद मशीन पुन्हा तापायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, तेवढ्यात समोरचा टपरीवाला तुमचं गिऱ्हाईक घेऊन जातो. टपरीशी स्पर्धा करायचीच नाही, हा इथला नियम. चहा ठेवलेला नाही. मिसळही नाही. नाशिक जिल्ह्यात रविवारी सकाळी मिसळीसमोर सँडविच उभं करणं म्हणजे हौसच. उलट मिसळ खाऊन झाल्यावर लोक कॉफीला येतात, म्हणून रविवारी कॅफे उशिरा उघडतो.

(दृश्य : कोल्ड कॉफी, उंच ग्लास.)

खपते मात्र ही. कॅपुचिनोच्या कितीतरी पट. ३६ ग्रॅम गरम अर्क, त्यातच १५ ग्रॅम साखर विरघळवायची, कारण गार दुधात साखर तळाशी बसते. मग १५० मिली गार दूध आणि बर्फ. बी १,२०० रुपये किलो धरली तर एका ग्लासात २१ रुपये ६० पैशांची कॉफी आहे. रोज फर्स्ट पीसमध्ये दोन शॉट ओतले तर महिन्याला सुमारे १,३०० रुपये सिंकमध्ये. मालकांच्या लेखी हा खर्च भाड्याइतकाच अटळ.

जीएसटीचं मात्र आधी माहीत करून घ्यावं. कारखान्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळतं. ५ टक्क्यांच्या दरातल्या रेस्टॉरंटला मिळत नाही. मशीनवर भरलेला १८ टक्के कर परत येत नाही, तो प्रकल्पखर्चातच धरायचा. अन्न नोंदणी ऑनलाइन होते. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते.

(दृश्य : घर. भिंतीवर शाळेचं वेळापत्रक. संगीत.)

पहिलं वर्षभर घरात पगार आला नाही. पीएफ मोडला, मुलीची शाळा बदलली.

(दृश्य : नवा मुलगा मशीनवर. मालक मागे उभे.)

आता मशीनवर दुसरा हात तयार होतोय. त्याला आधी काटा शिकवला, मग चव. एकाच बीचे तीन शॉट समोर ठेवले जातात, १८, २७ आणि ४० सेकंदांचे : आंबट, बरोबर, कडू. जिभेला फरक कळला की मगच ग्राइंडरला हात. लाट्टे आर्ट, म्हणजे दुधाच्या फेसाची नक्षी, तो मोबाइलवर बघून आपोआप शिकला, त्याची चिंता कुणी करू नये.

दुसरी शाखा, फ्रँचायझी, अशी विचारणा होत असते. उत्तर ठरलेलं नाही. सध्या तयारी आहे ती २०२७ च्या सिंहस्थाची. पर्वण्यांच्या दिवसांत नाशिककडचे रस्ते कसे वळवले जातील आणि सकाळची दुधाची गाडी किती वाजता पोचेल, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून टेट्रापॅकचं दूध आत्ताच वाफवून बघणं चाललंय. फेस छान धरतं, चवीला मात्र मुळातच किंचित उकळलेलं लागतं. त्या दुधासाठी वहीत वेगळं पान उघडलंय आणि वर लिहिलंय : ६० च्या पुढे न्यायचं नाही.