प्रश्नानंतरचे तीन सेकंद

नमस्कार श्रोतेहो. प्रत्येक वर्गात एखादा तरी असतोच. शिक्षकांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत बाकावरून अर्धा उठून "सर मी, सर मी" करणारा. उत्तर येतं ते चांगलंच. पण त्याच्या हुशारीच्या धाकाने बाकीची मुलं गप्प होतात, त्याची मला चीड येते.

मी पणजीच्या एका हायस्कुलात आठवीला भूगोल शिकवायचो. पावसाचे दिवस होते, विषय खाजन शेतीचा. खाजन म्हणजे खाडीकाठची सखल जमीन, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. मी विचारलं, "भरतीला नदीचं पाणी खारं होतं, चढतं. मग बांधाआतलं कोरगूट, म्हणजे आपलं खाजनातलं भात, कसं वाचतं?"

झालं! आमचे हुशार चिरंजीव उभे. चंद्राचं आकर्षण, सूर्याचं आकर्षण, अमावास्येचं उधाण, अष्टमीची भांगाची छोटी भरती, शेवटी न्यूटन आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाचं 1687 साल. सगळं अचूक, पण भाताचं नावच नाही. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

त्याला बसवलं. प्रश्न पुन्हा विचारला आणि गप्प राहिलो. मागच्या बाकावर चोडणहून फेरीबोटीने येणारी एक मुलगी होती. ती हळूच म्हणाली, "सर, मानशीला, बांधातल्या पाण्याच्या वाटेला, दार असतं."

"कसलं दार गो बाय?"

"लाकडाचं. भरती आली की बाहेरचं पाणीच ते रेटून बंद करतं. ओहोटीला आतल्या पाण्याचा जोर होतो, दार उघडतं. कोणी उघडायला जावं लागत नाही."

तिने वही उभी धरली, पुठ्ठा एका तळव्याने दाबून मिटला, दुसऱ्या बाजूने ढकलून उघडला. मग कोण थांबतंय! एकाने मानशीला लावायच्या जाळ्याचं सांगितलं, एकाने बांध फुटल्याचं. आणि तो हुशार मुलगा? त्याने तिलाच विचारलं, "दार कुजलं तर?" ती म्हणाली, "मग शेत खारं."

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात हेच मोजून दाखवलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. तीन सेकंद, श्रोतेहो, फक्त तीन!

आणि त्या वक्तृत्व स्पर्धा! घरच्यांनी लिहिलेलं भाषण घोकून हातवारे करणाऱ्याला आपण ढाल देतो. माझं स्पष्ट मत आहे, त्याऐवजी प्रश्न विचारायच्या स्पर्धा घ्या.

शिक्षकहो, उद्या वर्गात प्रश्न विचारलात की मनात तीन मोजा. पहिला हात वर येईल, तरी मोजा. त्या मुलाला गप्प करू नका. दुसऱ्याचं उत्तर ऐकून त्यावर एक प्रश्न काढायचं काम त्याला द्या. नमस्कार.