परदेशातून आलेला फोन आणि त्याचं कुलूप

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी जवळ आली की इंदूरच्या जेल रोडवर माझ्या काउंटरला एक ठरावीक गिऱ्हाईक येऊ लागतं. हातात महागडा फोन आणि चेहऱ्यावर काळजी. फोन मुलाने नाहीतर भाच्याने अमेरिकेहून आणलेला असतो. तो सुरू होतो, वायफाय पकडतो, फोटो सुरेख काढतो. पण आपलं इथलं सिम घातलं की पडद्यावर अक्षरं येतात, 'सिम नॉट सपोर्टेड'. मग ठरलेला प्रश्न, "भिया, अनलॉक हो जाएगा क्या?" आपली मराठी मंडळीही बाजारात हिंदीतच सुरुवात करतात, मी मराठी आहे हे कळलं की मग जरा खुर्ची ओढून बसतात.

मोबाइल दुरुस्तीचं काम मी वीस-बावीस वर्षं करतोय. फोन एकाच कंपनीच्या सिमवर चालावा म्हणून घातलेल्या या एका कुलपापायी चांगले फोन आणि कष्टाचे पैसे वाया जाताना पाहिलेत, म्हणून आज त्याबद्दल बोलणार आहे.

रामबागेतल्या एका काकूंचं सांगतो. मागच्या वर्षी त्या आल्या तेव्हा फोन हातरुमालात गुंडाळलेला होता. म्हणाल्या, "बघ रे बाबा, चार महिने नीट चालला, परवापासून मुका झालाय." मी पिन टोचून सिमचा ट्रे बाहेर काढला. सिमच्या खाली आणखी एक पापुद्रा चिकटवलेला होता. कांद्याच्या सालीइतका पातळ, सिमच्याच आकाराचा, त्यावर बारीकसा काळा ठिपका. आमच्या बाजारात त्याला आर-सिम म्हणतात. एका दुकानात काकूंकडून 'फोन अनलॉक करून दिला' असं सांगून अडीच हजार घेतले होते. फोन अनलॉक झालेलाच नव्हता. ती चिप फोनला सांगत होती की हे सिम तुझ्या अमेरिकेतल्या कंपनीचंच आहे. फोनने अपडेट घेतलं, ती बतावणी चालेनाशी झाली आणि दार पुन्हा बंद.

हे कुलूप असतं कुठे, ते सांगतो. आपल्या प्रत्येक सिममध्ये जास्तीत जास्त पंधरा आकड्यांचा एक नंबर असतो. आपण फोन लावतो तो नंबर वेगळा, हा सिमचा आतला नंबर. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५. अमेरिकेचे ३१० पासून ३१६ पर्यंत. पुढचे दोन किंवा तीन आकडे कंपनीचे. लॉक असलेला फोन सिम आत गेल्याबरोबर हे पाच-सहा आकडे वाचतो आणि स्वतःजवळच्या नोंदीशी ताडून पाहतो. जुळले तर रेंज, नाही जुळले तर नकार. म्हणजे फोनमध्ये बिघाड काहीच नसतो. त्याला जे सांगून ठेवलंय ते तो इमानाने पाळत असतो.

आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपल्याकडे गोष्ट बरोबर उलटी घडली. इथे आपण फोन दुकानातून रोख पैसे देऊन घेतला आणि सिम वेगळं घेतलं, त्यामुळे फोन पहिल्यापासून मोकळा होता. बांधलेला होता तो नंबर! कंपनी बदलायची तर नंबर सोडावा लागायचा. लग्नपत्रिकांवर, दुकानाच्या पाटीवर छापलेला नंबर कोण सोडणार? १९०० वर पोर्टचा मेसेज पाठवून नंबर सोबत नेण्याची सोय हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० ला सुरू झाली आणि देशभर २० जानेवारी २०११ ला. अमेरिकेत नंबर २००३ च्या नोव्हेंबरमध्येच मोकळा झाला होता, पण फोन मात्र बांधलेला राहिला. तिथे फोन कंपनीकडूनच घ्यायचा, हप्त्यांनी किंवा कराराने स्वस्तात. आणि पैसे वसूल होईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून कंपनी त्याला कुलूप घालणार.

आपल्याकडे बांधलेले फोन अगदीच नव्हते असं नाही. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून रिलायन्सचा फोन घरोघर आला, तो सीडीएमए नावाच्या वेगळ्या तंत्रावर चालायचा, त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम घालायची सोयच नव्हती. २००८ च्या ऑगस्टमध्ये आयफोन भारतात पहिल्यांदा अधिकृतपणे आला तोही एअरटेल आणि व्होडाफोनकडून, कुलपासकट. २०१७ चा जिओफोन फक्त जिओवर चालायचा. पण एवढेच. त्यामुळे कुलूप काढून मागायची सवय आपल्याला लागली नाही.

अमेरिकेत लोकांना ती सवय लावून घ्यावी लागली, आणि त्यासाठी भांडावंही लागलं. तिथल्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणं हा गुन्हा ठरवला होता. फोनसाठी २००६ पासून सूट होती, ती काढून घेतली गेली आणि २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीला न विचारता अनलॉक करणं बेकायदा ठरलं. स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन! लोकांनी सरकारकडे अर्ज केला, त्यावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या. सव्वा-दीड वर्षाने राष्ट्राध्यक्ष ओबामांनी फोन अनलॉक करण्याची मुभा परत देणाऱ्या कायद्यावर सही केली, तारीख १ ऑगस्ट २०१४. आपल्याकडे तो लोकमान्यांच्या पुण्यतिथीचा दिवस, म्हणून माझ्या लक्षात राहिलाय. त्याच सुमारास तिथल्या मोठ्या कंपन्यांनी कबूल केलं की हप्ते फिटले, करार संपला, की गिऱ्हाईकाने मागितल्यावर दोन कामाच्या दिवसांत कुलूप काढू, नाहीतर का काढत नाही त्याचं कारण देऊ. कॅनडाने तर १ डिसेंबर २०१७ पासून कुलूपवाले फोन विकायलाच मनाई केली, इंग्लंडने डिसेंबर २०२१ पासून. माझ्या मते हेच बरोबर आहे. हप्ता वसूल करायला करार पुरतो, त्यासाठी फोनला बेडी कशाला?

आता काकूंच्या फोनकडे येतो. तो आयफोन होता. त्याची किल्ली जेल रोडवर नव्हती, असायची शक्यताच नव्हती. आयफोनला कोड वगैरे घालायचा नसतो. ज्या कंपनीने कुलूप घातलं ती अॅपलला कळवते, अॅपलच्या सर्व्हरवरची नोंद बदलते, आणि फोन इंटरनेटला जोडला गेला की आपोआप मोकळा होतो. म्हणून मी काकूंना म्हटलं, "काकू, भाच्याला फोन लावा, मी बोलतो." भाचा न्यू जर्सीत. त्याला विचारलं, हप्ते संपलेत का? दोन राहिले होते. त्याला वाटत होतं फोन भारतात गेला म्हणजे विषय संपला. त्याने ते दोन हप्ते एकदम भरले आणि कंपनीच्या साइटवर अनलॉकचा अर्ज केला. अर्जात लागतो तो फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनची ओळख सांगणारा नंबर. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो पंधरा आकडी नंबर पडद्यावर येतो. अर्जाला पैसे काही पडले नाहीत.

सगळेच फोन असे सुटत नाहीत, हेही सांगायला हवं. लोक 'लॉक' या एका शब्दात चार निरनिराळ्या गोष्टी सांगतात. पॅटर्न विसरलेला असतो तो लॉक वेगळा. जुन्या मालकाचं गूगल किंवा अॅपल खातं फोनमध्ये राहून गेलेलं असतं, तो लॉक त्याच्या पासवर्डनेच जातो. आणि फोन चोरीचा म्हणून नोंदला गेला असेल किंवा त्याचे हप्ते बुडाले असतील, तर कंपनी कुलूप काढून देणारच नाही. ओळखीचा कोणी 'अमेरिकेचा पीस आहे, अर्ध्या किमतीत' म्हणून देत असेल तेव्हा यातलं काय आहे हे पैसे देण्याआधी बघा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट या पानावर खाली कॅरिअर लॉक अशी ओळ असते. तिच्यासमोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं असेल तर फोन मोकळा. दुसऱ्या फोनमध्ये सरळ आपलं सिम घालून एक फोन करून बघायचा. आणि आयएमईआय १४४२२ वर पाठवायचा, आधी केवायएम ही तीन अक्षरं, मग जागा सोडून नंबर. तो नंबर काळ्या यादीत आहे का, डुप्लिकेट आहे का, ते उत्तरात येतं.

कोणी म्हणालं की आयएमईआय बदलून देतो, मग चालेल, तर फोन उचला आणि घरी या. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितलाय. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पुढे फोन चोरीला गेला तर कुठल्या नंबरवर तक्रार करणार?

काही फोनचं कुलूप कोड घालून उघडतं, त्यांच्याबद्दल मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. नवा नवा काउंटरवर बसलो होतो. एका गृहस्थांचा इंग्लंडहून आलेला नोकिया. तेव्हा कोड घालायची पद्धत अशी, हॅश, मग पी, डब्ल्यू आणि प्लस, ही तिन्ही चिन्हं एकाच स्टारच्या बटणावर, भराभर दाबून आणायची. मग पंधरा आकडे, आणि शेवटी प्लस एक हॅश. मी नेटवर सापडलेले कोड एकामागून एक घालत गेलो. चुकीचा कोड पाचच वेळा चालतो हे मला ठाऊक नव्हतं. पाचव्यांदा फोनने कायमची मान फिरवली. मग खरा कोड आला तरी तो घेईना. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, फोन खिशात घालून गेले. तेव्हापासून अंदाजाने कोड घालणं मी बंद केलं. आजही जुन्या अँड्रॉइडवर 'नेटवर्क अनलॉक पिन' विचारला जातो, तिथे तुम्हीही घालू नका. तो कंपनीकडून मिळू द्या.

फोन मोकळा झाला तरी एक अडचण उरू शकते. प्रत्येक देशात ४जीचे बँड, म्हणजे रेंज ज्यावर येते ते लहरींचे पट्टे, वेगळे. आपल्याकडे ३, ५ आणि ४० नंबरचे बँड फार वापरात आहेत. तिकडचा जुना फोन त्यातला एखादा पकडतच नसेल तर घरात रेंज कमी-जास्त होत राहते. जिओवर बोलायला फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच बोलायची सोय, चालू व्हावी लागते. आणि अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनला सिमची खाचच नाही, त्यात ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम घ्यावं लागतं. ते जिओ, एअरटेल, व्हीआय तिघेही देतात, पण ज्यांना दर दोन महिन्यांनी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकायची सवय आहे त्यांनी मुलाला हे आधीच सांगावं.

काकू तिसऱ्या दिवशी परत आल्या. भाच्याला कंपनीची मेल आली होती. मी तो पापुद्रा काढून टाकला, नुसतं सिम ट्रेमध्ये ठेवलं, दुकानाचं वायफाय लावलं. फोन क्षणभर घोटाळला, पडदा बदलला, आणि वर कोपऱ्यात एकामागून एक दांड्या उभ्या राहिल्या. काकूंनी तिथूनच न्यू जर्सीला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. "झोपलास का रे? ऐकू येतंय ना?" एवढंच त्या म्हणाल्या आणि मग बराच वेळ ऐकत राहिल्या.

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, मुलगी, भाचा या दिवाळीला घरी येणार असेल आणि बॅगेत तुमच्यासाठी फोन असेल, तर तो तिथून निघण्याआधीच त्याला अर्ज करायला सांगा. इथे आता संध्याकाळ झाली आहे, म्हणजे तिकडे सकाळ. फोन उचलेल तो.