कॅमेरा आला, कागद काढा

(दृश्य: यवतमाळ–पांढरकवडा रस्त्यालगतचं गाव. कपाशीच्या वावराकडेनं धूळ उडवत गाडी येते.)

इकडं शेतकऱ्यानं आत्महत्या केली की त्या घरी आधी तलाठी येतो, मग चॅनलची गाडी.

या गावातल्या बचत गटाच्या बायांनी आता एक रीत पाडली आहे. पत्रकार येणार म्हटलं की ओसरीत सतरंजी, आणि सतरंजीवर कागद. सातबारा, बँकेची नोटीस, सोसायटीचा उतारा. सावकाराचं कर्ज वेगळ्या चिठ्ठीवर, कारण दोन्ही आकडे एका दमात सांगितले की छापून येताना त्यांची खिचडी होते.

आदल्या रात्री तालीमही होते. शेजारची वहिनी पत्रकार बनते आणि कोणी विचारू नये तेच विचारते, ‘पीत होते का हो?’ प्रश्न आगाऊ खरा, पण येतोच. अशा घराला द्यायच्या, २००६ साली ठरलेल्या १ लाखाच्या सरकारी मदतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची समिती नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा पाहते आणि पात्र की अपात्र ते ठरवते. म्हणून उत्तर तयार असतं : ‘ते घरचं हाय. कर्जाचं इचारा.’

(दृश्य: ओसरी. छातीशी माइक लावलेली, गेलेल्या शेतकऱ्याची बायको.)

‘कसं वाटतंय?’

‘तुमी रडनं दाखवान, पन फेरफाराचं कोन लिहीन?’

फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलणं; जमीन अजून सासऱ्याच्या नावावर आहे. तिला सांगायचं होतं ते एवढंच, आणि ते तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं. बातमीत तिच्या वाट्याला काही सेकंदच येणार होते.

नवरा कसा गेला, यावर ती बोलली नाही. आत्महत्येच्या पद्धतीचे तपशील देऊ नयेत, हे प्रेस कौन्सिलनं, म्हणजे वर्तमानपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेनं, २०१९ मध्येच वर्तमानपत्रांना सांगितलं आहे. पोरगी कॅमेऱ्यापुढं आली नाही. ‘हे छापू नका’ म्हणून कुजबुजही नाही. कारण माइक काढेपर्यंत बोललेलं सगळं मुलाखतच.

निघताना तिनं वार्ताहराच्या वहीतला कर्जाचा आकडा वाचायला लावला. एक शून्य जास्त होतं.

तरीही चुकीचं छापून आलं तर आधी संपादकाला लेखी कळवायचं. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिल. दैनिकासाठी मुदत छापल्यापासून दोन महिन्यांची. टीव्हीची तक्रार तिथं चालत नाही, ती आधी चॅनलकडेच. पेपरचं कात्रण मात्र जपून ठेवायचं, तक्रारीला जोडावं लागतं.